खोक्यावरचं नाव

"खोकं बंद केलंस की कानाशी धरून हलवायचं. आत काही बोललं, तर परत उघडायचं. मुकं खोकंच पोस्टात द्यायचं."

गोटहोल्डने हे आनेग्रेटला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. यंदाच्या वसंतात तो गेला. कातकामाच्या यंत्रापाशी, बसल्या जागी, कानामागे पेन्सिल तशीच. त्याचा आवाज मात्र बांधणीच्या टेबलापाशी राहून गेला होता. आनेग्रेट खोकं हलवायची, कान द्यायची, ते मुकं निघालं की क्षणभर डोळे मिटायची आणि मग पुढचं हाती घ्यायची.

ओबरहाइन हे जर्मनीतलं गाव, डोंगराच्या कुशीतलं. खाणी आटल्या तशी तिथली माणसं लाकडाला लागली आणि घरटी एक कातारी झाला. राइखेल्टांच्या घरात गोटहोल्ड लाकूड कातायचा आणि आनेग्रेट चेहरे रंगवायची. डोळ्यांचे दोन ठिपके, ओठांची एक रेघ. बाहुल्या दोनच तऱ्हेच्या, खाणीतला माणूस आणि देवदूत, दोघांच्याही हातांत मेणबत्ती. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, आगमनकाळात, त्या खिडकीत मांडायच्या. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार, जितक्या मुली तितके देवदूत. वाटेने जाणाऱ्याने खिडकी पाहावी आणि घरातली लेकरं ओळखावीत.

गोटहोल्ड गेल्यावर धंदा सरकारदरबारी आनेग्रेटच्या नावे झाला. लेक कथरिन बापाच्या यंत्रावर बसू लागली. तिनेच ऑनलाइन बाजारात आईच्या नावाने दुकान मांडून दिलं. घराच्या दारावर मात्र 'गोटहोल्ड राइखेल्ट, कातारी' हीच पाटी राहिली. त्या घराण्याची रीतच तशी होती. आगमनकाळाच्या आधी मृतांचा रविवार येतो. त्या दिवशी पाद्री वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला पडतो. तोवर गेलेला माणूस घरचाच. त्याचं नाव दारावरून काढायचं नाही, आणि जिथे आजवर त्याचं नाव लिहिलं तिथे आपलं पुढे करायचं नाही. आनेग्रेटच्या सासूने ही रीत पाळली होती. आनेग्रेट तर रोज सकाळी बायबलमधलं दिवसाचं वचन वाचल्याशिवाय कुंचल्याला हात न लावणारी. तिने ती पाळली यात नवल काय? सरकारी कचेरीत धंदा नावावर करून घेतला, तोही कथरिनने हाताला धरून नेलं म्हणून.

शरद ऋतूत ऑनलाइन बाजाराकडून निरोप आला. वेष्टनांच्या नोंदणीचा क्रमांक कळवा, नाहीतर दुकान बंद करावं लागेल.

कायदा काही कालचा नव्हता. जो माल खोक्यात भरून लोकांच्या घरी धाडतो, त्याने त्या खोक्याची जबाबदारी घ्यायची. आपलं नाव नोंदवायचं, वर्षाकाठी किती पुठ्ठा, किती कागद, किती प्लास्टिक लोकांच्या घरांत गेलं ते सांगायचं, आणि ते उचलून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना आपला वाटा द्यायचा. गोटहोल्डच्या कानावर हे आलं होतं, पण त्याने मनावर घेतलं नाही. त्याचा माल बहुतेक दुकानदारांकडे जायचा. घरोघरी जाणारी थोडी खोकी असत तीही जुनी. शेजारीपाजारी आपल्याकडे आलेली खोकी मोडत नसत. चर्चला जाता जाता राइखेल्टांच्या दारच्या बाकावर ठेवून जात. गोटहोल्ड त्यांत यंत्राखालच्या लाकडाच्या सुरळ्या भरायचा. एकदा कुणीतरी वापरलेलं खोकं म्हणजे देणं फिटलेलं खोकं, असा त्याचा हिशेब. सगळ्या गावाचाच होता.

शेजारचा एगोन, जन्मभर बस चालवून घरी बसलेला, त्या आठवड्यातही काखेत खोकी घेऊन आला.

"आनेग्रेट, बुटांची खोकी आणलीत गं. दोन माझी, एक मेहुणीचं. तिचं पाऊल बघता त्यात अख्खी खाण मावेल."

"ठेव बाकावर. पण एगोन, आता ही नुसती वापरता येत नाहीत रे."

"का? वास येतो?"

"हे आधी कुणी भरलं, त्याचा वाटा कुणी दिला, याचा पुरावा लागतो. पुरावा नसेल तर ते माझ्या नावावर चढतं."

एगोन टोपी काढून बसला. "म्हणजे आता रद्दीलाही जन्मदाखला. मी इतकी वर्षं बस चालवली, माणसांना तिकिटाशिवाय काही विचारलं नाही. आणि गोटहोल्डच्या त्या सुरळ्या? त्या तर झाडाच्या."

"खोक्यात भरल्या की त्याही धरायच्या," कथरिन यंत्राजवळून म्हणाली.

"झाडाला विचारलंत का?"

"तुम्हीच विचारून या ना, एगोनकाका. जंगल तुमच्या वाटेवरच आहे."

आनेग्रेट हसली, पण तिला कायद्याचा राग नव्हता. तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा पुसून घेतला. नाताळच्या श्टोलन केकसाठी ज्यावर ती पीठ जोखायची तोच. त्यावर तिने एक रिकामं खोकं ठेवलं, मग चिकटपट्टी, मग मूठभर सुरळ्या. इतक्या वर्षांत तिने बाहुल्या जोखल्या होत्या, टपालखर्चासाठी. बाहुलीभोवतीचं कधी जोखलं नव्हतं. काट्यावरचं खोकं बघताना तिच्या मनात आलं, आपण म्हणतो आपण देवदूत पाठवतो. पण देवदूत खिडकीत बसतो, आणि उरलेलं सगळं घेणाऱ्या बाईच्या रद्दी कागदाच्या पेटीत, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाऊन पडतं. थंडीवाऱ्यात कुणाचे तरी हात ते उचलतात. तेही आपणच पाठवलेलं असतं. त्यावर आपलं नाव असावं, यात गैर काय?

मग हात धुऊन ती संगणकापुढे बसली. कथरिन आईला म्हणाली, "मुटी, सरक, मी भरते. पाच मिनिटांचं काम."

"नाही गं. ज्याची जबाबदारी त्यानेच नोंद करायची, दुसऱ्याकरवी नाही, असं लिहिलंय इथे."

कथरिन खांदे उडवून यंत्राकडे गेली. आनेग्रेटने एका बोटाने अक्षरं टिपायला सुरुवात केली. नावाचा रकाना आला. तिचं बोट थबकलंसुद्धा नाही. वखारीची मागणी असो, नाताळच्या मेळ्यातल्या दुकानाचा अर्ज असो, रंगाच्या डब्यांची पावती असो, या घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तिने आजवर एकच नाव लिहिलं होतं. तेच तिने लिहिलं. गोटहोल्ड राइखेल्ट. मृतांचा रविवार अजून यायचा होता. खाली विचारलं होतं, वरील माहिती खरी आहे ना? तिने खूण केली. क्रमांक आला तो बाजाराला कळवला, आणि निश्चिंत मनाने ती पुन्हा चेहरे रंगवू लागली.

मृतांच्या रविवारी चर्चमध्ये गारठा होता. नावं वाचली जात होती, मध्ये घंटा, मग शांतता, मग पुढचं नाव. "गोटहोल्ड राइखेल्ट." टोला पडला आणि त्याचा नाद लाकडी छतात बराच वेळ घुमत राहिला. आनेग्रेटने उठून मेणबत्ती लावली. कथरिनने तिचा हात धरला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. तेच बरं होतं.

घरी येऊन दोघी कॉफी घेत होत्या तोच फोन वाजला. उत्तरेकडच्या समुद्राकाठून, हूसुमहून, वीब्के नावाची बाई बोलत होती. तिने बाजारातून एक देवदूत मागवला होता.

"फ्राउ राइखेल्ट, आज रविवार, त्यातून हा असा दिवस. तुम्हाला त्रास देते."

"बोला ना. आम्ही बसलेल्याच आहोत."

"माझी आजी तुमच्या डोंगरातली. ती इकडे आली तेव्हा खिडकीची चाल घेऊन आली. आमच्या खिडकीत एक खाणकामगार असतो, माझ्या मुलाचा. उन्हाळ्यात मुलगी झाली आम्हाला. फार दिवस नव्हती."

आनेग्रेटने कप खाली ठेवला.

"सासूबाई म्हणतात, देवदूत मांडू नकोस. लोक विचारतील मुलगी कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, विचारू देत. निदान कुणीतरी विचारेल. तो शनिवारी पोचेल का हो? पुढच्या रविवारी आगमनाचा पहिला दिवा लागतो, आणि आमच्याकडे आदल्या संध्याकाळीच खिडकी मांडतात. त्या दिवशी ती नसली, तर मग वर्षभर नसल्यासारखी होईल."

"पोचेल," आनेग्रेट म्हणाली. "आणि त्याचे पैसे राहू द्या."

"नको." पलीकडचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "रागावू नका. मुलाचा विकत आणला होता. हिचाही विकतच हवा. हिच्यासाठी जे आणून ठेवलं होतं ते सगळं परत करावं लागलं. एक वस्तू तरी हिच्या नावाने विकत घेतलेली असू दे. दयेने आलेली नको."

आनेग्रेटला ते एकदम पटलं. "मग विकतच घ्या. शनिवारी दिवे लागायच्या आत तो तुमच्या हातात असेल. हा माझा शब्द."

फोन ठेवल्यावर ती कामाच्या खोलीत गेली. फळीवर गोटहोल्डच्या हातचे शेवटचे काही देवदूत उरले होते, बिनचेहऱ्याचे. तिने एक निवडला. त्याचा चेहरा रंगवताना तिने ओठांची रेघ ओढली ती नेहमीपेक्षा किंचित आखूड, झोपलेल्या बाळासारखी.

सोमवारी दुकान बंद झालं. पडद्यावर दोन ओळी होत्या. दुकान आनेग्रेट राइखेल्टचं, नोंदणी गोटहोल्ड राइखेल्टची. नावं जुळत नाहीत. राहिलेल्या सगळ्या मागण्या रद्द.

तिने नोंदणीच्या कचेरीला फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण असावा, आणि सभ्य.

"फ्राउ राइखेल्ट, राइखेल्टसाहेबांना फोन देता का? नोंद ज्यांची आहे त्यांनाच ती बदलता येते."

"ते नाहीत."

"घरी कधी येतील?"

"ते वारले हो. वसंतात."

कळफलकाची खुडबुड ऐकू आली. "पण नोंद तर याच महिन्यातली आहे."

"मीच केली. त्यांचं नाव तोवर वाचलं गेलं नव्हतं."

"कुठे वाचलं गेलं नव्हतं?"

"आमच्याकडची रीत आहे," एवढंच ती म्हणाली. "मला लबाडी करायची नव्हती."

"तसं मी म्हणतही नाही." त्याने मग सावकाश सांगितलं. आधी ही नोंद मिटवायची, त्यासाठी मृत्यूचा दाखला धाडायचा. मग तिच्या नावाने नवी नोंद. त्या क्रमांकावर वेष्टनं उचलणाऱ्यांशी तिच्याच नावाचा करार. मग बाजारवाले पडताळून पाहतील. "दिवस जातील. आगमनाच्या पहिल्या रविवारपर्यंत होईल असं वाटत नाही. आणि मला सांगायलाच हवं, तोवर तुमच्या नावाने भरलेलं खोकं ग्राहकाकडे जायला नको."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही, फ्राउ राइखेल्ट. मला वाईट वाटतं."

तिने त्याचे आभार मानले. नंतर बराच वेळ ती खुर्चीवरून उठली नाही. दुकान बंद झाल्याचं दुःख होतंच. पण त्याहून खोल काहीतरी सलत होतं. 'खरी आहे ना?' असं विचारलं होतं आणि तिने 'हो' म्हटलं होतं. प्रेमापोटी म्हटलं असेल, रीत म्हणून म्हटलं असेल. पण जे नाव घंटेच्या टोल्याची वाट बघत होतं, ते खोकी उचलायला येणार नव्हतं. जबाबदारी घ्यायला जिवंत माणूस लागतो. मेलेल्याच्या खांद्यावर ओझं ठेवून आपण मोकळे झालो, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

संध्याकाळी एगोन आला. कथरिनने त्याला सगळं सांगितलं.

"एका खोक्याने काय आभाळ कोसळतंय?" एगोन म्हणाला. "बर्लिनमधला कोण साहेब हूसुमच्या पोस्टात उभा राहून मोजणार आहे?"

"कुणीच नाही," आनेग्रेट म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मी मोजीन ना."

"बरं, भेट म्हणून पाठव. मी पाठवतो, माझ्या नावाने. एका पेन्शनवाल्या म्हाताऱ्याने एका बाईला बाहुली भेट दिली. त्याला कुठली आलीय नोंदणी?"

कथरिनचा चेहरा उजळला. "मुटी, हे बरोबर आहे की. भेटीला काही लागत नाही."

"पण ती भेट नाही ना गं." आनेग्रेट शांतपणे म्हणाली. "त्या बाईने माझ्याकडे काय मागितलं? विकत द्या म्हणाली. तिच्या लेकीच्या वाट्याची ती एकच खरेदी आहे. सरकारसाठी तिला भेट म्हणायचं आणि तिच्यासाठी खरेदी म्हणायचं, हे माझ्याने होणार नाही. एकदा खोटी खूण करून झालीय माझी. ती अजाणता होती. ही जाणूनबुजून होईल."

"तू तुझ्या सासूपेक्षा हट्टी आहेस," एगोन म्हणाला.

"तिच्याच हाताखाली शिकले."

"मग पोरीला पोचणार कसा तो?"

आनेग्रेटने रिकामं खोकं देवदूताशेजारी ठेवलं. एगोन टोपी घालून निघाला, दारात घुटमळला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तिने मृत्यूचा दाखला पाठवला. मग दिवसाचं वचन वाचलं, हात धुतले, पुन्हा संगणकापुढे बसली. या वेळी नावाच्या रकान्यापाशी बोट थांबलं. आनेग्रेट. तिला आपलंच नाव परक्या बाईचं असल्यासारखं दिसत होतं. इतक्या वर्षांत ते कुठल्याच खोक्यावर कधी गेलं नव्हतं. चेहरे तिचे, नाव त्याचं. एकेक अक्षर टिपताना तिला वाटत होतं, आपण त्याला दारापर्यंत पोचवायला निघालोय आणि प्रत्येक अक्षरागणिक तो एक पाऊल पुढे जातोय. शेवटचं अक्षर पडलं तेव्हा तिने पडद्यावरून नजर काढून यंत्राकडे पाहिलं. तिथे कथरिन बसली होती, मान वाकडी करून, अगदी बापासारखी, आणि बाप नव्हती.

माहिती खरी आहे ना? तिने ते दोनदा वाचलं आणि खूण केली.

काटा पुन्हा निघाला. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा सुरळ्या. वजनं तीच होती. आता ती तिची होती.

बाजाराकडून, करारवाल्यांकडून 'मिळालं, पाहतो' असे निरोप आले. गुरुवारपर्यंत त्याहून पुढे काही सरकलं नाही. देवदूत टेबलावर उभा होता, उघडा. शेजारी रिकामं खोकं. आनेग्रेट कामं करता करता त्या दोघांकडे पाहत होती. अडत होतं ते खोक्याचं. देवदूताचं काहीच अडत नव्हतं. त्याला कुणी मनाई केली नव्हती.

ती कथरिनपाशी गेली. "आपण मेळ्यात दुकान लावतो, तेव्हा माणसं बाहुली नुसती उचलून नेतात ना? खिशात, हातात?"

"हो. पिशवी मागितली तर तू रागावतेस."

"मग खोकं नसलं, तर नोंद कशाची?"

कथरिनने यंत्र थांबवलं. आईच्या चेहऱ्याकडे बघताच ती समजली. "मुटी. हूसुम. अख्खा जर्मनी ओलांडून."

"आगगाडी जाते की."

"मी मोटार काढते. नाही, शनिवारी मेळा आहे. तिथे कुणी उभं राहायचं?"

"तूच राहायचंस. मी जाईन."

"तुझा गुडघा?"

"गुडघा गाडीत बसून राहील. त्याला काय काम आहे?"

एगोनला कळलं तेव्हा तो गाड्यांचं वेळापत्रकच घेऊन बसला. कुठल्या फलाटावर उतरायचं, कुठे जिना टाळायचा, सगळं त्याने सांगितलं. "आणि शालीत गुंडाळून नेणार म्हणतेस. शाल परत आणशील ना? नाहीतर तिलाही नोंदवावी लागेल."

"शाल माझ्या खांद्यावरच परत येईल."

"आणि तिथे जाऊन काय बोलशील त्या बाईशी?"

आनेग्रेटने जरा विचार केला. "मुलीचं नाव विचारीन," ती म्हणाली. "तिने फोनवर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

शुक्रवारी तिने वीब्केला फोन केला. बाजारातून मागणी रद्द झाल्याचा निरोप आला असेल, त्याकडे लक्ष देऊ नका, म्हणाली. वीब्केचा आवाज घाबरा झाला होता. "मग पार्सलवाला येणार ना? मी किती वाजल्यापासून घरी थांबू?"

"दुपारनंतर थांबा. दार वाजेल."

एवढं सांगून तिने फोन ठेवला.

शनिवारी भल्या पहाटे कथरिन मेळ्याच्या पेट्या मोटारीत चढवत होती. आनेग्रेटने वचन वाचलं, दिवा मालवला, पाव आणि थोडं चीज रुमालात बांधलं. देवदूत तिने जुन्या लोकरी शालीच्या दोन घड्यांमध्ये ठेवला, चेहरा वर, आणि ती घडी कोटाच्या आत छातीशी धरली. कथरिनने कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

रस्त्यावर दहिवर गोठलं होतं. गावातल्या खिडक्या अजून रिकाम्या होत्या. संध्याकाळी मांडल्या जाणार होत्या. फाटक लोटून आनेग्रेट बसच्या थांब्याकडे उतरणीला लागली, एक हात कोटाच्या बटणांवर ठेवून, पाऊल जपून टाकत.